पिंपातला बेडूक

जनावरं घर गाडीवर घालून फिरत, त्या काळची ही गोष्ट. एक अस्वलीणबाई दोन पिलांसह अशाच चाकांवरच्या घरात राहायची आणि चांद्या नावाचा बैल ते घर ओढायचा. घरामागे पाण्याचं लाकडी पिंप बांधलेलं होतं. त्यात एक बेडूक राहायचा आणि पाणी किती उरलं ते आतून सांगायचा.

एकदा मोठा माळ ओलांडायच्या आधीचा शेवटचा झरा आला. अस्वलीणबाईने विचारलं, "काय रे, पाणी किती?"

"अर्धं पिंप!"

"मग चला, थांबायला नको."

चांद्या मात्र हलला नाही. सकाळपासून गाडी त्याला हलकी लागत होती. आपल्याच अंगात जोर आलाय, असं वाटून तो सुखावलाही होता. पण समोरचा रखरखीत माळ बघून त्याला त्या हलकेपणाची भीती वाटली.

"बाई, एकदा झाकण उघडून बघा."

तळाशी जेमतेम ओंजळभर पाणी होतं. बेडूक मध्यावरच्या ओल्या शेवाळाला चिकटून बसला होता.

"माझी पिलं तहानेने मेली असती! चालता हो," अस्वलीणबाई कडाडली.

"पाय ओलेच होते हो माझे," बेडूक रडवेला झाला.

"राहू द्या त्याला," चांद्या म्हणाला. "त्याला लागलं तेच त्याने सांगितलं. पिंप आपण घासलं नाही, आणि गाडी हलकी झाली तेव्हा मीही गप्प बसलो."

बाईने शेवाळ खरवडलं आणि पिंप काठोकाठ भरलं. माळावर तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा पाणी किती ते विचारलं.

"थांबा, खाली उतरून बघतो," बेडूक म्हणाला.

तेवढा वेळ चांद्याने गाडी थांबवली.