न जेवणारं यंत्र

राजे रणधवलांनी हुकूम काढला: बागेच्या मोटेचे चारही बैल येत्या बाजारी विकून टाकावेत, आता त्यांची गरज उरली नाही.

गरज उरली नव्हती, कारण बागेत नवं यंत्र आलं होतं. परमुलखातून आलेल्या त्रिलोचन नावाच्या यंत्रकारानं ते उभारलं होतं. वर एक हौद, खाली एक हौद आणि मधे भलंमोठं लाकडी चाक. चाकाचा आस एका बंद सागवानी कोठडीत शिरलेला. वरच्या हौदातलं पाणी चाकावर पडे, त्यानं चाक फिरे आणि फिरता फिरता खालचं पाणी पोहऱ्यांनी पुन्हा वर चढवी. एवढं करून बागेलाही भरपूर पाणी उरे.

"ना चारा, ना दाणा, ना माणूस," त्रिलोचन सांगे. राजांनी खूश होऊन त्याला आमराई इनाम द्यायचं ठरवलं होतं.

मोट हाकणारा शिदू हुकूम ऐकून गोठ्यात जाऊन बसला. ते बैल त्यानं वासरं असल्यापासून वाढवले होते. त्याची मुलगी गोजरा मात्र यंत्रासमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग सकाळचा दरबार भरला तशी सरळ आत गेली.

"महाराज, ते यंत्र काहीतरी खातं."

दरबार हसला. राजे हसले नाहीत. आपल्या वस्तूला कुणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नसे.

"काय खातं?"

"ते अजून कळलं नाही. पण आमच्या मोटेचं चाक कुरकुरतं, त्याचा आस तापतो, वर येईतो थोडं पाणी सांडतं. त्या सगळ्याची भरपाई बैल करतात. यंत्राचं चाकही कुरकुरतं, पाणी उडतं. पडत्या पाण्याचा थोडा जोर त्यातच जातो. उरलेल्या जोरात जेवढं पडलं तेवढंसुद्धा परत वर चढायचं नाही. आणि इथं तर बाग भिजतेय. हा जास्तीचा जोर कुणाचा?"

"यंत्राचा," त्रिलोचन म्हणाला.

"ऐकलंस?" राजे म्हणाले. "तरी पटत नसेल, तर आज दिवस मावळायच्या आत ते थांबवून दाखव. हात लावायचा नाही, मोडतोड करायची नाही, पाणी अडवायचं नाही. थांबलं नाही, तर बैलांबरोबर तुझा बापही चाकरीतून जाईल."

आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता.

"बरं, महाराज. एवढं थोर यंत्र आहे, तर आजचा दरबार त्याच्यासमोरच भरवावा. आत्तापासून. दिवसभर त्याला एकटं सोडू नये."

त्रिलोचन पुढं झाला. "दुपारी बाग रिकामी लागते, महाराज. मी यंत्राला तेल देतो."

"आमच्यासमोर द्या."

"कुणी पाहिलं तर ते लाजतं."

राजांनी क्षणभर विचार केला. "आज लाजू दे."

दरबार उठून बागेत आला. सकाळभर चाक झकास फिरलं. राजांनी दोनदा गोजराकडे वळून पाहिलं. शिदू लांब उभा राहून धोतराचा सोगा पिळत होता. ऊन डोक्यावर आलं, तसं चाक जरा मंदावलं.

"उन्हानं लाकूड फुगलंय," त्रिलोचन म्हणाला.

गोजरानं मुदपाकखान्यात जाऊन विनंती केली, की आजची पंगत बागेतच, कोठडीशेजारच्या सावलीत बसू दे. आचाऱ्यांनी तिथंच चुली मांडल्या. निखाऱ्यावर वांगी भाजली जाऊ लागली, तव्यावर भाकऱ्या टम्म फुगल्या, लसणाची फोडणी चुरचुरली. चाक आणखी मंदावलं. एक गचका बसला, मग दुसरा. आणि चाक थांबलं.

वरचा हौद रिता झाला होता, पाण्याची नुसती बारीक धार गळत होती.

"विचार करतंय," त्रिलोचन म्हणाला.

कोठडीतून दमलेला आवाज आला, "दाजी, आता नाही व्हायचं माझ्याच्यानं."

राजांनी सावकाश मान वळवली. "यंत्र तुम्हाला दाजी म्हणतं?"

"नवाच गुण दिसतोय, महाराज."

राजांनी कोठडी उघडायला लावली. आत घामानं निथळणारा एक आडदांड गडी आसाला जोडलेला दांडा धरून बसला होता. तो त्रिलोचनचा मेहुणा. गोजरानं आधी त्याच्यापुढं पान मांडलं.

राजांचा हट्ट अजून सुटला नव्हता. "याच्याशिवाय चालवा," ते म्हणाले. वरचा हौद काठोकाठ भरून घेतला आणि त्याचं पाणी चाकावर सोडलं. चाक जोरात फिरलं. पण जेवढं पाणी खाली येई, त्याहून कमी वर जाई. वरचा हौद उतरत गेला, शेवटी आटला आणि चाक उभं राहिलं. राजांनी आसाला हात लावून पाहिला. चांगलाच तापला होता.

"म्हणजे जोर इथं मुरला," ते स्वतःशीच म्हणाले. मग गोजराला म्हणाले, "आम्ही महिनाभर कौतुक केलं ते सगळं खोटंच का?"

"नाही, महाराज. यंत्र बैलाइतकंच खरं आहे. फक्त बैल उघड्यावर खातो."

राजांच्या मिशा थरथरल्या आणि ते असे हसले, की शेजारच्या प्रधानांना त्यांना सावरावं लागलं. हसू ओसरल्यावर त्यांनी हुकूम फिरवला. बैल शिदूकडेच राहिले. मेहुण्याला पोटभर जेवणावर बागेत चाकरी मिळाली, त्रिलोचनला वेशीपर्यंत दोन शिपाई. आणि आमराई गोजराच्या नावे झाली, येणाऱ्या मोहोरासकट.