दोन पट्ट्यांची पानं

फार जुनी नाही, गेल्या संक्रांतीची गोष्ट. एका संगणकाच्या घरी नवा प्रोसेसर आला. मदरबोर्ड म्हणजे त्या घरची म्हातारी यजमानीण, सगळे तिच्याच पंगतीला बसायचे. पण तिच्याकडचा पाट या पाहुण्याच्या मापाचा निघाला नाही.

म्हातारी म्हणाली, "बाबा, तू दुसरी यजमानीण बघ. पण माझ्या या दोन लेकींना बरोबर ने. मेमरीच्या पट्ट्या आहेत, चांगल्या धडधाकट. इथे राहिल्या तर भंगारात जातील."

दुकानातून दोन नव्या मदरबोर्ड आल्या. पहिली अंगभर रंगीत दिवे लावून आली होती. "या पाहुणे, बसा."

प्रोसेसर बसला. पाट अगदी मापात होता. "आणि या दोघी?"

"त्यांच्या खाचा जुन्या वळणाच्या, माझ्याकडे बसायच्या नाहीत. राहू द्या की त्यांना तिकडेच."

थोरली पट्टी धाकटीला म्हणाली, "चल गं, आपलं पान मांडलेलं नाही."

प्रोसेसर उठलाच. "बरोबरच्यांना पान नसेल, तर मी घास कसा घेऊ, बाई?"

दुसरी साधीच होती, अंगावर दिवा एकही नाही. तिने आधी पट्ट्यांना जवळ घेऊन त्यांच्या खाचा चाचपल्या. "बसा गं पोरींनो, जागा आहे. पाहुणे, तुमचाही पाट मांडलाय हो, रुसू नका."

पट्ट्या टक टक करून बसल्या आणि प्रोसेसरही टुणकन बसला. पंखा भिरभिरायला लागला.

म्हातारी टेबलावरून कौतुकाने म्हणाली, "सावकाश होऊ द्या."

पण तो कसला सावकाश! तिचं बोलणं संपायच्या आत पडदा उजळलासुद्धा.