सगुणेनं राजाला कौल लावला

"देव नाही!" भुजंगराजांनी भर दरबारात जाहीर केलं. "आणि माणसाची मर्जी तर त्याहून नाही! जे घडतं ते आधीच्या कारणांनी घडतं. दगड गडगडतो तसा माणूस वागतो. कुणी काही करत नाही, नुसतं होतं!"

आता हे खूळ आलं कुठून? एक वाटसरू पंडित महिनाभर राजवाड्यात राहिला, रोज आमरस-पुरी चापली आणि जाताना एवढं शहाणपण मागे ठेवून गेला. राजाला ते भलतंच पसंत पडलं. पडणारच! शिकारीत नेम चुकला? चुकायचाच होता. राणीसाहेबांना दिलेला शब्द मोडला? मोडायचाच होता. दोष कुणाचा? कुणाचाच नाही! असली सोय कुणाला नको असते?

इथवर ठीक होतं. पण मग राजाची नजर कातळवाडीच्या रवळनाथाच्या देवळावर गेली. तिथला गुरव देवाला कौल लावायचा. म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि देवाला प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. या चाकरीबद्दल गुरवाकडे भाताचं एक खाचर होतं. देवच नाही तर कौल कसला, म्हणत राजानं ते काढून घेतलं. गुरव बिचारा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, घरात खाणारी तोंडं दोन आणि आधार तेवढाच. त्याची मुलगी सगुणा पदर खोचून तडक दरबारात आली.

"महाराज, खाचर परत द्या. पेरणी तोंडावर आलीय."

"मी कुठं घेतलं? कारणांनी घेतलं!"

"मग कारणांना सांगा परत करायला. मी थांबते."

दरबारात खसखस पिकली. राजाचे कान लाल झाले.

"जीभ बरीच चालते की तुझी! मग ऐक. देवाला मध्ये आणायचं नाही, कारणांची साखळी तोडायची नाही, आणि तरीही माणूस स्वतः काही करतो हे मला दाखवून द्यायचं. दाखवलंस तर खाचर तुझं. नाहीतर बापाला उचल आणि गाव सोड!"

म्हातारे कारभारी रंगोपंत हळूच पुटपुटले, "पोरी, जा घरी. हे त्या पंडितालाही जमलं नसतं."

उठून बसता न येणाऱ्या बापाला घेऊन जायचं कुठं? पण मागं फिरलं तर खाचर गेलंच! सगुणेनं राजाकडे नीट पाहिलं. या राजाचा हट्ट मुलखाला ठाऊक होता. पूर्वेला चला म्हटलं की स्वारी पश्चिमेला! वैद्यानं दूध प्या म्हटलं म्हणून गडी वर्षभर दुधाला शिवला नव्हता.

"एक पाटा मागवा, महाराज. तांब्याभर पाणी आणि जास्वंदीच्या दोन पाकळ्या."

सगळं आलं. सगुणेनं पाटा उभा केला, दोन बाजूंना दोन पाकळ्या चिकटवल्या आणि म्हणाली, "उजवी आधी पडणार."

उजवी घसरली आणि टपकन खाली पडली.

"देव पावला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गप्प!" राजा गरजला. "देव कसला डोंबलाचा? तिनं उजवीला पाणी जास्त लावलं. मी पाहिलं!"

"बरोबर पाहिलंत," सगुणा म्हणाली. "सातव्या वर्षापासून पाकळ्या चिकटवतेय मी. देवाचं मला कळत नाही, पाण्याचं कळतं. म्हणजे देव नाही, नुसतं कारण. मान्य?"

"मान्य! मान्य!" राजा एकदम खुलला.

"तू पडणार म्हणून मी तिच्या तोंडावर सांगितलं, तरी पडलीच बिचारी."

"अगं वेडे, पाकळीला काय कान असतात?"

"नसतात ना! बरं. आता महाराजांना कौल लावते."

सगुणा राजासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"महाराजही कारणांनी बांधलेले. म्हणून आधीच सांगून ठेवते. महाराज खाचर देणार नाहीत. उभ्या जन्मात देणार नाहीत! द्यावंसं वाटलं तरी त्यांना देता यायचं नाही!"

राजाच्या मिश्या थरथरल्या. "मला देता यायचं नाही? मला?"

"पाणी लावून झालंय, महाराज. आता तुम्ही पडायचं तेवढं राहिलंय."

"अगं जा गं! दिलं! दिलं खाचर! काय म्हणणं आहे?"

बोलून झालं आणि राजाच्या लक्षात आलं. घाईघाईनं त्यानं बोट वर केलं. "थांब, थांब! हे मी नाही दिलं. माझ्या हट्टानं द्यायला लावलं. हट्ट हे कारण झालं!"

"झालंच की! मी कुठं नाही म्हणतेय? पण हट्ट कुणाचा, महाराज?"

"माझा!"

"शेजारच्या राजाचा नाही ना?"

"त्याची काय छाती आहे! असला हट्ट सात पिढ्यांत कुणाला जमला नाही!"

"आणि माझं बोलणं ऐकलं कुणी? चिडलं कुणी? 'दिलं' म्हणालं कुणी?"

"मी! मी! मीच!"

"मग केलं कुणी?"

राजानं डोळे बारीक केले. "आणि समजा, मी आत्ता 'नाही दिलं' म्हटलं तर?"

"म्हणा की! पाकळीला सांगितलं तशी पाकळी पडली, महाराजांना सांगितलं तसे महाराज पडले. दरबार बघतोच आहे."

मग राजा जो हसत सुटला, तो पागोटं कलंडलं तरी थांबेना! "साखळी तशीच ठेवलीस, देवाला बोलावलं नाहीस, आणि मला मात्र धरलंस! खाचर घे, आणि त्याला लागून असलेली नारळाची बागही घे!"

रंगोपंतांनी बोरू शाईत बुडवला आणि अदबीनं विचारलं, "सनदेत काय लिहू, महाराज? खाचर आणि बाग कारणांनी दिली, असंच ना?"

"कारणांनी?" राजा ताडकन उठला. "अहो, एवढं दान मी करायचं आणि नाव कारणांचं? लिहा, भुजंगराजांनी दिलं! आणि ठळक लिहा!"