मुसक्यांचा हिवाळा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती वर्षांपूर्वी हे ज्याला नक्की ठाऊक होतं तो माणूस वारला त्यालाही आता फार वर्षं झाली, खैरओहळ गावात ठकूबाई नावाची एक कुंभारीण राहत होती. आज तिला राखाई म्हणतात. ती जिवंत असताना तिला एवढ्या आदरानं कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही.

खैरओहळ पठाराच्या पायथ्याशी आहे. पठाराला तीन बाजूंनी सरळ तुटलेला कडा आणि चौथ्या बाजूनं एकच पाऊलवाट. ती वाट जिथे खाली उतरते तिथेच ठकूबाईचा आवा होता. मडकी भाजायच्या भट्टीला कुंभार आवा म्हणतात. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि पदरी चार कुत्री. त्यांची नावंही तिनं आपल्या धंद्यातून दिली होती. पोट सुटलेला तो रांजण, लांब मानेची ती झारी, अंगानं एवढीशी ती पणती, आणि सगळ्यांत म्हातारं ते मडकं.

आवा उतरला तरी त्याची राख तीन-तीन दिवस ऊबदार राहते. थंडीत ही चारी कुत्री त्या राखेत पुरून घेऊन झोपत. गावातली इतरही येत, कारण ऊब कोणाच्या मालकीची नसते. सकाळी सगळी अंग झाडत उठली की काळं कुठलं आणि पांढरं कुठलं ते कळत नसे. सगळी एकजात राखी. धुक्यातून ती समोर आली की मोठी माणसंही रामाचं नाव घेत आणि मग कुत्र्यांना शिव्या देत.

धुकं हा त्या गावाचा जुना सोबती. ते उतरलं की हातातली काठी दिसत नाही. पण पठारावर गेलेला माणूस त्यात कधी अडकत नसे. तो उभा राहायचा आणि ऐकायचा. घुमल्यासारखा आवाज आला की तो रांजण, म्हणजे आवा तिकडे, म्हणजे वाट तिकडे. किनरं भुंकणं पणतीचं. डावीकडून भुंकतंय ते वेशीवरच्या तेल्याचं कुत्रं, तिकडे जायचं नाही, तिकडे कडा आहे. ही विद्या गावात कोणी कोणाला शिकवली नव्हती. आपण श्वास घेतो हे जसं कोणाच्या ध्यानात नसतं, तसं हेही नव्हतं.

त्या वर्षी हिवाळा सरळ आला नाही, असं म्हणतात. दिवाळीत अंगाला घाम होता. मार्गशीर्षात पाऊस पडला आणि खळ्यावरची कणसं काळी पडली. पौष लागला आणि एका रात्रीत अशी थंडी पडली की झाडावरचे बगळे सकाळी झाडाखाली सापडले. मग वारा फिरला, आभाळ खाली आलं, आणि कुत्री रडू लागली.

भुंकणं वेगळं आणि रडणं वेगळं. दिवस कलला की एक कुत्रं तोंड वर करून सूर लावायचं, मग दुसरं, मग सगळं गाव. कुत्रं रडलं की घरातलं माणूस जातं, हे सर्वांना माहीत होतं. कोणाच्या घरातलं, एवढंच ठरायचं होतं. लोक एकमेकांच्या म्हाताऱ्यांकडे पाहू लागले.

गावचे पाटील हैबतराव. नावात हैबत असली तरी त्यांची आई गजराबाई महिनाभर अंथरुणाला खिळलेली होती आणि पाटील आतून पार हलले होते. आईवर त्यांचा जीव होता, हे त्यांच्या वैऱ्यांनीही नाकारलेलं नाही. त्यांनी रखमाजी गुरवाला बोलावलं. रखमाजी डोळे मिटून बराच वेळ बसला आणि म्हणाला, "रडण्याचा सूर घरात शिरतोय पाटील. सूर बंद झाला की यम वाट चुकंल."

खळ्यावर मळणीच्या वेळी बैलानं धान्य खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला काथ्याची जाळी बांधतात, तिला मुसकं म्हणतात. मळणीचे दिवस होते, मुसकी घरोघर टांगलेली होती. पाटलांनी हुकूम काढला की गावातल्या प्रत्येक कुत्र्याला, तोंड उघडता येणार नाही असं आवळून, मुसकं बांधायचं. दिवसातून एकदा भाकरीपुरतं सोडायचं, आणि सोडल्यावर जे तोंड वर करील त्याच्या पाठीत काठी घालायची.

आतून गजराबाई म्हणाली, "हैबती, आरं मी मरायची ती माझ्या वयानं. त्या मुक्या जनावरांनी तुझं काय खाल्लं?"

"आये, तू बोलू नगंस. धाप लागती."

"मलाबी बांध की मग एक."

पाटलांनी ऐकलं नाही. त्यांची माणसं आव्यावर आली तेव्हा ठकूबाई संक्रांतीची सुगडं रचत होती. पाटील स्वतः मागे उभे होते.

"ठकूबाई, समद्या गावानं बांधलं. तुझीच चार मोकळी हायती."

"पाटील, गाडग्याला तोंड असतं म्हणून ते गाडगं. तोंड बुजवलं की निस्ता चिखलाचा गोळा."

"तू गाडग्यांचं बघ. गावाचं मी बघतो."

"कुत्री तुमच्या आईसाठी रडत न्हाईत. आभाळ बघा कसं झालंय. त्यास्नी काय तरी दिसतंय, तुमास्नी दिसत न्हाई, एवढंच."

पाटलांना आभाळ दिसत नव्हतं. त्यांना आईचा चेहरा दिसत होता. चौघांनी मिळून चार कुत्री धरली. पणती दोघांना चावली, पण बांधली गेलीच.

दुसऱ्या दिवसापासून खैरओहळात कुत्र्याचा आवाज उरला नाही. लोकांना बरं वाटायला हवं होतं. पण सांजावलं की प्रत्येक घराच्या उंबऱ्यावरून एक खरखर येऊ लागली. कुत्री मुसकं दगडाला घासत. दार उघडलं की समोर राखी अंगाचं जनावर, तोंड जाळीत आणि डोळे माणसावर. ते भुंकत नसे, गुरगुरत नसे. नुसतं बघे. लोक दार लावून घेत आणि आतून कडी घातली की नाही ते दोनदा पाहत. रडणं बरं होतं, असं काहींना वाटलं. पण तसं बोलायची सोय नव्हती.

मडकं म्हातारं होतं. थंडीत त्याला धाप लागे आणि तोंड उघडल्याशिवाय श्वास पुरत नसे. भोगीच्या सकाळी ते राखेतून उठलंच नाही. ठकूबाई मुसक्याची गाठ सोडायला लागली, तर रखमाजी धावत आला. मुसकं बांधलेलं जनावर मेलं तर संक्रांत सरेपर्यंत त्याचं तोंड उघडू नये, आतला सूर बाहेर पडेल, असं त्यानं सांगितलं. हे कुठल्या पोथीत आहे ते त्यानं सांगितलं नाही. पाटलांची माणसं होतीच. ठकूबाईनं मडक्याला तसंच, तोंड बांधलेलं, आव्याच्या बाजूच्या राखेत पुरलं. ती रडली नाही. त्या आठवड्यात गावात रडायची मुभा कोणालाच नव्हती.

संक्रांत झाली. गजराबाई काही गेली नाही, उलट तिनं तिळाची वडी मागून खाल्ली. मुसकी लागू पडली म्हणून पाटील आनंदात होते. लेक सगुणाही पहिल्या संक्रांतीला माहेरी आलेली. पाटलांना एकच लेक.

दुसरा दिवस किंक्रांतीचा, म्हणजे करीचा. करीच्या दिवशी चांगलं काम काढू नये म्हणतात. पण पठारावर पाटलांचा हुलगा उपटायचा राहिला होता आणि पाऊस येईलसा वाटत होता. पाटलांच्या रानात राबणं हे चांगलं काम आहे असं कोणीच मानत नसल्यामुळे दहा बायका सकाळी वर गेल्या. त्यांत हौसेनं सगुणाही गेली, काळी चंद्रकळा नेसून.

दुपार व्हायच्या आत धुकं उतरलं.

तसं धुकं पुन्हा झालं नाही, असं म्हणतात. भर दुपारी घरात दिवे लावावे लागले आणि दिव्यांचाही उजेड वातीपासून वीतभर जाऊन थांबला. गाव वाट पाहत बसलं. बायका येतील, नेहमी येतात. बराच वेळ गेला. मग वरून, फार लांबून, हाक आली. ती वाटेच्या बाजूनं आली नाही. ती कड्याच्या बाजूनं आली.

तेव्हा कोणाला तरी पहिल्यांदा उमगलं की गाव मुकं आहे. वर उभ्या असलेल्या दहाजणींना खाली काहीच ऐकू येत नसणार.

लोकांनी देवळातली घंटा बडवली. घंटेचा नाद कड्यावर आपटून चारी बाजूंनी परत आला. गावातल्या माणसालाच देऊळ कुठे ते कळेना. पुरुषांनी हाका मारल्या, त्या हाकाही तशाच फिरून आल्या. दोघे वाटेनं वर चढायला गेले आणि वीस पावलांवरून हातांवर रांगत परतले. तेवढ्यात कड्याखाली धप्प आवाज झाला. सगळे तिकडे धावले. पाटील सर्वांत पुढे होते. खाली एक पाटी पडली होती आणि हुलगा पसरला होता. पाटी कोणाच्या डोक्यावरची, हे कोणी विचारलं नाही. सगळे वर पाहत उभे राहिले. वर काही दिसत नव्हतं.

"सोडा," पाटील म्हणाले. "मुसकी सोडा समदी."

सुऱ्या-विळ्यांनी मुसकी कापली गेली. कुत्र्यांची तोंडं सोलून निघाली होती. ती मोकळी झाली आणि शेपट्या पायात घालून उभी राहिली. एकही भुंकलं नाही. तोंड उघडलं की काठी बसते, हे आठवडाभरात त्यांना नीट शिकवलं होतं, आणि गावात शिकवलेलं इतकं पक्कं याआधी कोणी शिकलं नव्हतं. पाटील रांजणापुढे गुडघ्यांवर बसले आणि हात जोडून म्हणाले, "भुंक रे बाबा. माझी सगुणा वर हाय." पाटील कुत्र्यापुढे हात जोडतोय, हा देखावा गावानं कधी पाहिला नव्हता. पाहिला तेव्हा कोणाला हसू आलं नाही. रांजणानं मान फिरवली.

मग ठकूबाई उठली. आव्याच्या राखेचा ढीग होता, त्यावर चढून जिथे मडकं झोपायचं तिथे ती बसली. तिनं दोन्ही हात राखेत रोवले, मान वर केली आणि ती भुंकली.

माणूस कुत्र्याची नक्कल करतो तसं ते नव्हतं. ज्यांनी ऐकलं त्यांच्या अंगावरचा काटा म्हणे दोन दिवस गेला नाही. तो घोगरा, धापेनं मधे तुटणारा आवाज गावाच्या ओळखीचा होता. तो मडक्याचा होता.

रांजणानं कान टवकारले. ठकूबाई पुन्हा भुंकली, तिसऱ्यांदा भुंकली. मग रांजण घुमला, पणती किनरली, झारीनं सूर धरला, आणि वेशीपासून आव्यापर्यंत सगळं गाव भुंकू लागलं. ठकूबाई थांबली नाही. तिच्या तोंडातून रक्त यायला लागलं तरी थांबली नाही.

बऱ्याच वेळानं धुक्यातून एक हात आला. मग काळी चंद्रकळा. एकमेकींचे पदर धरून बायका उतरल्या. पाटलांनी मोजल्या, त्या दहा भरल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या.

सगुणा थंडीनं निळी पडली होती. तिनं गोळा झालेल्या गावाकडे पाहिलं आणि विचारलं, "आबा, त्या एकाचं सोडायचं राहिलं का?"

"कुणाचं?"

"आमच्या म्होरं चालत होतं ते. राखी. भुंकणं ऐकू आलं, पर कडा कुठं ते दिसना. ह्यानं वाट दावली. त्याच्या तोंडाला अजून बांधल्यालंच हाय."

रखमाजी गुरव मागच्या मागे घरी गेला. ठकूबाई राखेवरून उतरली. तिचा आवाज पार गेला होता, पण जवळ उभ्या असलेल्यांनी ओठांवरून ओळखलं ते असं: "बसा तुमी. त्याचं सोडून येते." आणि ती धुक्यात वाटेनं चालू लागली. तिला अडवायला हवं होतं. कोणाचा पाय उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. पाटलांनी स्वतः पठार पालथं घातलं. ठकूबाई सापडली नाही, कड्याखालीही नाही. आव्याची राख उकरली तर मडकं तिथे नव्हतं. वाटेच्या सुरुवातीला राखेत अनवाणी पायाचे ठसे होते आणि त्यांना लागून कुत्र्याच्या पंजाचे. पुढे खडक लागतो, तिथे एक मुसकं पडलेलं होतं. ते कापलेलं नव्हतं. गाठ सोडलेली होती.

गजराबाई त्यानंतर नऊ वर्षं जगली आणि लेकाला रोज एकदा तरी ऐकवत राहिली, असं म्हणतात.

तेव्हापासून खैरओहळात मुसकं नाही. कुत्र्याला नाही आणि बैलालाही नाही. मळणीत बैल तोंडभर खातो आणि आसपासची गावं खैरओहळकरांना खुळे म्हणतात, बैल मात्र विकत घ्यायला तिथेच येतात. संक्रांतीला इतर ठिकाणी पाच सुगडं पुजतात, इथे सहा. सहाव्यावर फडकं घालत नाहीत. त्यात दूधभाकरी कुस्करून ते उंबऱ्याबाहेर ठेवतात, तोंड उघडं.

आणि करीच्या दिवशी दुपारी, धुकं असो वा नसो, सगळं गाव जुन्या आव्यापाशी जमतं. पाटलांच्या घरातला जो कर्ता असेल तो राखेच्या ढिगावर चढतो, हात टेकतो आणि पठाराकडे तोंड करून तीनदा भुंकतो. आताचा कर्ता शिकलेला आहे, इस्त्रीच्या कपड्यांत येतो, पण तोही भुंकतो, आणि चांगलं भुंकतो. मग सगळे गप्प उभे राहतात आणि वरून काही येतंय का ते ऐकतात.

बहुतेक वर्षी काही येत नाही आणि गाव घरी जातं. एका वर्षी धुक्यातून घोगरा, धापेनं मधे तुटणारा आवाज आला होता. त्या वर्षीही गाव घरीच गेलं, फक्त जरा भरभर. आणि त्या रात्री खैरओहळात कोणी आपलं कुत्रं बाहेर ठेवलं नाही.