पलीकडची पायरी

"…पण मगे ती सरळ कित्याक जाणा नाय, आबा?"

रघुवीर चितारी तळ्याच्या खालच्या पायरीवर, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा होता. त्याच्या हातात शिडाची एक छोटी होडी होती. तिच्यावरून पाणी निथळत होतं.

वरच्या पायरीवर आबा नेवगी दुसऱ्या एका होडीचं शीड शिवत बसले होते. त्यांनी दोरा मेणातून ओढला आणि पुढचा टाका घातला.

आबांची हयात जहाजांवर, बिनतारी यंत्रापुढे गेली. सावंतवाडीला परत आल्यावर त्यांनी तळ्यात सोडायच्या होड्या करायला घेतल्या. हातभर लांब, इंजिन नाही, काही नाही. चालायचं ते वाऱ्यावर. काठावर उभं राहून रिमोटने फक्त सुकाणू वळवायचं आणि शीड ओढायचं किंवा सैल सोडायचं. गावातल्या काही पोरांना आणि काही पेन्शनरांना त्यांनी हे वेड लावलं होतं. बाकीचं गाव त्यांना भातुकलीतले कप्तान म्हणायचं.

रघुवीरचं वेगळं. तो कारागीर. त्याच्या घरात आजोबांपासून लाकडी खेळणी होतात. त्याने घासलेल्या फळीवर कुणी एक कुसळ शोधून दाखवावं! हे लोक म्हणायचे, आणि लोक म्हणाले नाहीत तर तो स्वतः म्हणायचा.

होडी त्याची नव्हती. केतकीची होती. केतकी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. कॉलेजात होती. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि गेली.

उद्या तिचं वर्षश्राद्ध होतं.

"सगळा बघलंय मी," रघुवीर म्हणाला. "फुडच्या टोकाची नाळ फुटलेली, ती नवीन बसवली. डोलकाठी ओळंब्यात आसा. सुकाणू नवा. तळाची फळी पिळवटलेली होती, ती काढून सरळ फळी घातली. हिच्यात आता दोष शोधून दाखवा."

"दोष नाय," आबा म्हणाले.

"मगे?"

"सोड बघू एकदा."

रघुवीरने रिमोटला हात न लावता होडी पाण्यात सोडली. वाऱ्याने शीड फुगलं. होडी थोडी पुढे गेली, आणि मग हळूहळू उजवीकडे वळायला लागली. वळत वळत काठाशी परत आली आणि शेवाळात अडकली.

"बघलास?" रघुवीर स्वतःशीच म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता. सुंभ जळला होता, पीळ गेला नव्हता.

आबांच्या मंडळींत एक रीत होती. नवी होडी पार घालायची. म्हणजे ह्या काठावरून ती सोडायची, रिमोट पायरीवर ठेवून द्यायचा, आणि मग त्याला हात लावायचा नाही. होडी आपली आपण पलीकडे पोचली, की ती खरी होडी. पण शिडाच्या होडीला ब्रेक नसतो. म्हणून पलीकडच्या पायरीवर आपल्या घरचं एक माणूस उभं राहायचं. ते वाकून होडी दोन्ही हातांत धरायचं. मग त्या माणसाच्या हातावर साखर ठेवायची, आणि नंतर सगळ्यांच्या.

रघुवीरला ही रीत ऐकून ठाऊक होती. वर्षश्राद्धाच्या आधी केतकीची होडी पार घालायची, एवढं एकच त्याने मनाशी धरलं होतं. वर्षभर धरायला दुसरं काही नव्हतंच.

"रिमोट दी," आबा म्हणाले.

रघुवीरने तो धोतरात गुंडाळलेला देवाचा टाक द्यावा तसा दिला. जुना रिमोट. कडांना काळपट मळ बसलेला.

"ह्येका काय केलंस?"

"कायच नाय. पुसूक सुदिक नाय. तिच्या हातातसून खाली ठेवलेलो, तसोच आसा."

आबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि रिमोट डोळ्यांजवळ नेला. सुकाणू वळवायच्या दांडीखाली एका खाचेत सरकणारं एक बारीक बटण होतं, जोंधळ्याच्या दाण्याएवढं. ते मध्यावर नव्हतं. उजव्या टोकाकडे सरकवलेलं होतं.

आबांनी रिमोट शेजारी पायरीवर ठेवला.

"ती पिळाची फळी," ते म्हणाले, "ती खंयची होती?"

"माझीच. कारखान्यातली."

"तशी पिळवटलेली?"

रघुवीर जरा थांबला.

"टाकाऊतली होती. पांगाऱ्याची. घोड्याक नाय लागली, बैलगाडीक नाय लागली…"

"तिना तीच मागलेली?"

"तिना बरी फळी मागलेली." त्याने पाण्याकडे पाहिलं. "मी म्हटलंय, खेळाक होई कशाक बरी फळी?"

खेळण्यांवर घर चालवणारा माणूस हे बोलला होता.

आबांनी शीड घडी करून बाजूला ठेवलं.

"त्या फळीचो पीळ होडयेक डावीकडे ओढी. केतकी आंगठ्यान दांडी उजवीकडे दाबून धरी, आणि तशीच अख्खी सकाळ चालवी. आंगठ्याक फोड इलो. मी म्हटलंय, अगो, फळी बदल. म्हणाली, बाबांनी दिल्यानी हा. बदलूची नाय."

रघुवीरने वाकून होडी शेवाळातून सोडवली.

"मगे मी तिका ह्या बटण दाखवलंय. ह्या उजवीकडे सरकवला काय सुकाणू आपसूक तितक्या उजवीकडे रवता. आंगठो सुटता."

रघुवीर वर येऊन आबांच्या शेजारी बसला. त्याच्या पायांतून पाणी ओघळून पायरीवर पसरत होतं.

"म्हंजे रिमोट चुकीचो आसा?"

"नाय. बरोबर आसा. होडी वाकडी होती."

"ती मी सरळ केली. ता चुकला?"

"ता पण बरोबर."

"मगे दोन बरोबर मिळान वाकडा कसा जाता, आबा?"

एक खंड्या पाण्यावर झेपावला आणि रिकामाच परत गेला.

रघुवीरला उत्तर कळायला वेळ लागला नाही. तो कारागीर होता. त्याने तिचं दुखणं काढलं होतं, आणि त्या दुखण्यावर तिने दाबून धरलेला हात मात्र तसाच राहिला होता. आता तो हात रिकाम्या जागी दाबत होता.

"होडी परत वाकडी करू?" त्याने विचारलं.

"ती फळी आसा?"

"चुलीत गेली."

"दुसरी घालशीत. तसोच पीळ तुका घालूक येतलो?"

रघुवीरने मान हलवली. नाही येणार. आयुष्यात पहिल्यांदा त्याने लाकडापुढे हात टेकले.

"म्हंजे बटणच मधी आणूक होया."

"होय."

"तिना सरकवलेला ता."

"होय."

"तिच्या हाताचा आता तितक्याच रवला हा, आबा. कपडे देवन टाकले. वह्या-पुस्तका बायकोन माळ्यार घातली. ह्या एवढाच काय ता…"

पन्नाशीचा माणूस, तळ्याच्या पायरीवर बसून हमसाहमशी रडला. रस्त्यावरून शाळेची रिक्षा गेली, त्यातली पोरं ओरडत गेली, तरी त्याने तोंड झाकलं नाही.

आबांनी त्याला रडू दिलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही. काही माणसं अशा वेळी पाठ थोपटतात. आबा त्यांतले नव्हते.

बऱ्याच वेळाने रघुवीरने रिमोट उचलून त्यांच्यापुढे धरला.

"तुमीच सरकवा."

आबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

रघुवीरने अंगठा बटणावर ठेवला. बटण त्याच्या अंगठ्याखाली सापडेना, इतकं बारीक. मग नखाने त्याने ते हलवलं. एक बारीक टक् झालं. पुन्हा एक. बटण मध्यावर आलं.

कुणाचा हात आपल्या मनगटावरून सोडवून बाजूला ठेवावा, तसं त्याला वाटलं.

"सोड आता," आबा म्हणाले.

त्याने होडी काठाला धरून थोडं अंतर सोडली. ती सरळ गेली. परत आणली, पुन्हा सोडली. पुन्हा सरळ. पाण्यावर तिच्या मागे उठलेली रेघ त्याने पट्टीने मारल्यासारखी होती. तशी रेघ पाहून त्याचं एरवी मन भरलं असतं. आज भरलं नाही.

"बरी जाता," तो म्हणाला.

"बरी जाता."

"मगे पार घालू?"

"नाळ कशी फुटली, ता तिना सांगलेला?" आबांनी विचारलं.

रघुवीर गोंधळला. "हातातसून पडली म्हणाली."

"हं."

"नाय पडली?"

आबांनी हनुवटीने तळ्याच्या पलीकडे दाखवलं. समोर दगडी पायऱ्या होत्या. ऊन नुकतंच त्यांच्यावर आलं होतं. तिथे कुणी नव्हतं.

"थंय फुटली. खालच्या पायरीर."

"…कधी?"

"पार घातली तेवा."

"तिना पार घातलेली?" रघुवीरचा आवाज एकदम चढला. "माका कोण बोलूक नाय!"

"घरचा माणूस होया, म्हणान ती किती आयतवार थांबली. मी म्हटलंय, मी रवतंय पलीकडे. नको म्हणाली. बाबाच येतले. मगे एका आयतवारी वारो बरो होतो. पाणी तेलासारख्या. ती म्हणाली, आज सोडतंय. मी इचारलंय, धरूक कोण?"

आबा थांबले. त्यांनी चष्मा खाली घेतला, पुसला, आणि पुन्हा लावला नाही.

"म्हणाली, बाबा वाटेर आसत."

रघुवीरला तो रविवार आठवला.

तो अंगणात लाकडी फळांना रंग देत बसला होता. आंबे, सीताफळं, फणस. केतकी होडी काखेत घेऊन दारात उभी होती. बाबा, तळ्यार येशात मा आज? आणि तो मान वर न करता म्हणाला होता, तू हो पुढे, मी इलंयच. ते तो खोटं बोलला नव्हता. उठणारच होता. पण फणसावर हिरवा चढवला होता, वरचा पिवळा ओल्यातच मारायला हवा होता. तो मारून होईपर्यंत दुपार झाली. मग जेवणाची वेळ झाली. मग ती परत आली. होडीवर ओढणी टाकलेली होती.

काय गो, काय झाला? असं त्याने विचारलं होतं.

कायच नाय, ती म्हणाली होती. हातातसून पडली.

"सरळ गेली ती त्या दिवशी," आबा म्हणाले. "जराय हलूक नाय. थेट गेली. ती बघी होती पलीकडच्या रस्त्याक. शेवटापर्यंत बघी होती."

रघुवीरला आता विचारण्यासारखं काय होतं?

तो उठला. खालच्या पायरीवर उतरला, रिमोट कोरड्या दगडावर ठेवला आणि दोन्ही हातांत होडी धरून पाण्यावर टेकवली. वारा बरा होता. पाणी जवळजवळ स्थिर होतं. शीड एकदा फडफडलं आणि भरलं. होडी त्याच्या हातांतून निघू बघत होती.

त्याने सोडली नाही.

"आबा…"

आबा त्याच्या मागे पायऱ्या उतरत होते. एका गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी. ते त्याच्या शेजारी येऊन पाण्यात उभे राहिले. वाकले. त्याच्या हातांखालून त्यांनी आपले हात घातले आणि होडी आपल्याकडे घेतली.

रघुवीरचे हात रिकामे झाले. त्याने ते कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"मी सोडतंय," आबा म्हणाले.

"आणि मी?"

आबांनी पलीकडे पाहिलं. पायऱ्यांवर आता लख्ख ऊन होतं.

"जा. तिना सांगान ठेवला हा, बाबा वाटेर आसत."