बिटकी बेडकीला झोपायचंय

डबकं आटलं.

आधी होतं टोपलीएवढं. मग झालं ताटाएवढं. मग झालं वाटीएवढं. मग काहीच नाही. नुसती माती.

उन्हाळा आला. डबक्याकाठचे सगळे झोपायला निघाले.

गोगलगाय बाभळीच्या खोडाला चिकटली. तिनं शंखाचं दार लावलं. झोपली.

खेकडा बिळात शिरला. त्यानं बिळाच्या तोंडाशी चिखलाचं बूच लावलं. झोपला.

बेडूकसुद्धा झोपायला निघाले. हे बेडूक उन्हाळ्यात जमिनीत झोपतात. खोल खोल, गार गार मातीत. बाभळीखालच्या बिळातून बेडूकआई खाली गेली. बेडूकदादा खाली गेला. बेडूकताई खाली गेली.

वर राहिली बिटकी.

बिटकी म्हणजे बोराएवढी बेडकी. गोल पोट, गोल डोळे. तिला एक मुंगी दिसली होती. मुंगी पुढे, बिटकी मागे. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. मुंगी गेली फटीत. बिटकी परत आली. टुपुक टुपुक.

बघते तर काय, बिळाचं दार बंद!

झालं होतं असं. एक म्हैस तिकडून गेली. धप धप. तिच्या पायाखालून ढेकूळ निसटलं. घरंगळलं. बरोबर बिळाच्या दारात येऊन बसलं. नारळाएवढं मोठं ढेकूळ.

बिटकीनं ढकललं. हलेना. बिटकीनं शेजारी उकरलं. खर्र खर्र. जमीन कशी, वाळक्या भाकरीसारखी. बिटकीचे पायच दुखले.

आई खाली, बिटकी वर. आणि ऊन तर चढायला लागलं. बेडकाच्या अंगाला ओल लागते. अंग सुकलं की बेडकाचं काही खरं नाही. बिटकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं ते पुसलं आणि ती ढेकळाला म्हणाली,

"ढेकळा, ढेकळा, बाजूला हो की रे.
बिळाचं दार उघडेना,
मी झोपू कशी?"

ढेकूळ म्हणालं, "मी नाही हलणार. मला पाय कुठे आहेत? पाणी आलं, तर मी विरघळेन."

बिटकी निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

शेतात होता पाट. पाटात होतं पाणी. झुळझुळ, झुळझुळ.

"पाण्या, पाण्या, इकडे वळ की रे.
ढेकूळ हलेना,
बिळाचं दार उघडेना,
मी झोपू कशी?"

पाणी म्हणालं, "मी नाही वळणार. माझी वाट सरळ. खोऱ्यानं बांध फोडला, तर मी वळेन."

बिटकीनं पाटात पाय बुडवले. पोट बुडवलं. गार गार वाटलं. तिला वाटलं, इथेच राहावं. पण पाणी म्हणालं, मी आज आहे, उद्या नाही. उद्या हा पाटही कोरडा पडणार.

बिटकी बाहेर आली. निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

बांधावर खोरं पडलं होतं. आडवं. ऊन लागून त्याचं पातं तापलं होतं. बिटकी जरा लांबच उभी राहिली.

"खोऱ्या, खोऱ्या, बांध फोड की रे.
पाणी वळेना,
ढेकूळ हलेना,
बिळाचं दार उघडेना,
मी झोपू कशी?"

खोरं म्हणालं, "मी नाही चालणार. मला हात कुठे आहेत? मावशीनं उचललं, तर मी चालेन."

बिटकी निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. पाय पोळले. अंगावरचं पाणी सुकलं.

मावशीचं नाव गोजरामावशी. तिचंच हे शेत. शेतात भेंडी होती, आणि भेंडीला आज पाणी द्यायचं होतं. पण मावशी बसली होती कडुलिंबाच्या झाडाखाली. लिंबाला बांधली होती झोळी. झोळीत होती ठकू, मावशीची तान्ही लेक. मावशी झोका देत होती, आणि ठकू रडत होती. ट्यँ ट्यँ, ट्यँ ट्यँ.

"मावशी, मावशी, खोरं उचल की गं.
खोरं चालेना,
पाणी वळेना,
ढेकूळ हलेना,
बिळाचं दार उघडेना,
मी झोपू कशी?"

मावशीनं खाली वाकून पाहिलं. एवढीशी बेडकी. अंगाला धूळ लागलेली. मावशीला तिची दया आली. पण मावशी म्हणाली, "मी कशी उठू, बाई? मी उठले की ही जास्तच रडते. ठकू झोपली, तर मी उठेन."

बिटकी झोळीखाली गेली. टुपुक टुपुक. झोळीच्या काठावरून ठकूचं तोंड दिसलं. गाल ओले, नाक ओलं.

"ठकू, ठकू, झोप की गं.
मावशी उठेना,
खोरं चालेना,
पाणी वळेना,
ढेकूळ हलेना,
बिळाचं दार उघडेना,
मी झोपू कशी?"

ठकूला अजून बोलता येत नव्हतं. ती रडायची थांबली. तिनं बिटकीकडे पाहिलं. मग तिनं बोट दाखवलं. तिकडे.

तिकडे खुंट्याला शेळी बांधली होती. ठकूचे डोळे मिटू लागले. मिटले. तेवढ्यात शेळी ओरडली, बें! ठकू दचकली. ट्यँ ट्यँ, ट्यँ ट्यँ.

बिटकीला कळलं. शेळी थांबली, तर ठकू झोपेल.

बिटकी निघाली. टुपुक... टुपुक. उडी आता छोटी पडत होती. घसा सुकला होता.

"शेळीताई, शेळीताई, थांब की गं.
ठकू झोपेना,
मावशी उठेना,
खोरं चालेना,
पाणी वळेना,
ढेकूळ हलेना,
बिळाचं दार उघडेना,
मी झोपू कशी?"

शेळीनं कान झटकला. फट फट. शेळी म्हणाली, "मला का हौस आहे ओरडायची? कानात माशी शिरते. इकडून हाकलली की तिकडून येते. बें! माशी गेली, तर मी थांबेन."

आता राहिली माशी.

माशी बसली होती शेळीच्या कानावर. निळी निळी, गुबगुबीत माशी. गुंई गुंई, गुंई गुंई.

बिटकीनं मान वर केली. जेवढा आवाज उरला होता तेवढा काढला.

"माशीबाई, माशीबाई, उडून जा की गं.
शेळी थांबेना,
ठकू झोपेना,
मावशी उठेना,
खोरं चालेना,
पाणी वळेना,
ढेकूळ हलेना,
बिळाचं दार उघडेना,
मी झोपू कशी?"

माशी हसली. गुंई गुंई. ती म्हणाली, इथे छान आहे. कान मऊ आहे. सावली आहे. मी कशाला जाऊ?

बिटकी म्हणाली, जा ना गं. माशी म्हणाली, नाही जा. बिटकी पुन्हा म्हणाली, जा ना गं. कोण एवढं मागे लागलंय, ते बघायला माशी कानावरून उठली. खाली आली. गवताच्या काडीवर बसली. पण धुळीनं माखलेली बिटकी तिला ओळखूच आली नाही. तिला वाटलं, हा मातीचा गोळा बोलतोय.

माशी म्हणाली, "मी शेळीच्या कानाला भीत नाही. मावशीच्या पदराला भीत नाही. मी भिते फक्त बेडकांना. आणि बेडूक तर सगळे झोपले."

बिटकीनं ऐकलं. बिटकीनं डोळे मोठे केले.

"सगळे नाही झोपले," बिटकी म्हणाली.

चट्! जीभ बाहेर.

गट्ट! जीभ आत.

माशी कुठे? माशी पोटात.

सगळीकडे शांत झालं. शेळीनं एक कान हलवला. मग दुसरा हलवला. कुठे काही गुणगुणत नव्हतं. शेळी गवत खाऊ लागली. कुरुम कुरुम. बें नाही की काही नाही.

शेळी थांबली, मग ठकूचे डोळे जड झाले. मावशीनं झोका दिला. सूंऽ इकडे, सूंऽ तिकडे. मावशी हळूच गुणगुणली,

"ये गं झोपे, लिंबाखाली,
ठकूच्या गं पापणीखाली."

ठकूनं अंगठा तोंडात घातला. ठकू झोपली.

ठकू झोपली, मग मावशी उठली. तिनं पदर खोचला. बिटकी तिच्याकडेच बघत होती. मावशी म्हणाली, "चल, दाखव तुझं ढेकूळ कुठाय ते." बिटकी पुढे झाली. टुपुक... टुप. टुप. मग ती थांबली. पुढची उडी पडेचना. मावशीनं तिला ओंजळीत उचललं आणि पाटात सोडलं. डुबुक. बिटकीनं पोटभर ओल घेतली. डोकं वर काढलं. आता कसं बरं वाटलं. तिनं बाभळीकडे तोंड करून दाखवलं, तिकडे.

मावशी उठली, मग खोरं चाललं. खच्च. खच्च. बांध फुटला. मावशीनं एक लहानशी वाट काढली, बाभळीकडे जाणारी.

खोरं चाललं, मग पाणी वळलं. झुळझुळ, झुळझुळ. पाण्यात बिटकी. पाणी पळतंय, बिटकी पळतेय. काटक्या बाजूला, पानं बाजूला, मुंग्या बाजूला. बाभळीखाली आलं पाणी. ढेकळाला भिडलं पाणी.

पाणी वळलं, मग ढेकूळ हललं. बुड बुड, बुड बुड. आधी त्याचा एक कोपरा गळला. मग दुसरा गळला. नारळाएवढं ढेकूळ, झालं लिंबाएवढं. झालं बोराएवढं. आणि मग झाला मऊ मऊ चिखल.

माशी गेली,
शेळी थांबली,
ठकू झोपली,
मावशी उठली,
खोरं चाललं,
पाणी वळलं,
ढेकूळ हललं,
बिळाचं दार उघडलं.

मावशीनं पाण्याची वाट पुन्हा बंद केली आणि ती भेंडीकडे गेली. पाणी जमिनीत मुरलं. सुर्रऽऽ.

बिटकी चिखलावर बसली. आता खाली कसं जायचं? बेडूक डोकं खाली घालून जात नाहीत. बेडूक जातात मागे मागे. बिटकीनं मागच्या पायांनी माती उकरली. उकर उकर, उकर उकर. बिटकीचे पाय मातीत गेले. बिटकीचं पोट मातीत गेलं. बिटकीची पाठ मातीत गेली. राहिले दोन गोल डोळे. त्यांनी एकदा आभाळ पाहिलं, एकदा बाभूळ पाहिली. मग डोळेही खाली गेले.

खाली अंधार होता. गार होतं. ओलं होतं. उकर उकर, उकर उकर. बिटकीच्या पाठीला काहीतरी मऊ लागलं.

ती आई होती. आईचे डोळे मिटलेले होते.

"आलीस का गं?" आई झोपेतच म्हणाली.

"आले," बिटकी म्हणाली.

आई जरा सरकली. दादा जरा सरकला. ताई जरा सरकली. मधे बोराएवढी जागा झाली. बिटकी त्या जागेत बसली. पाय पोटाशी घेतले. डोळे मिटले.

आता बिटकीला भूक लागत नाही. तहान लागत नाही. तिचा श्वास हळू चालतो. अगदी हळू. तिचं काळीज हळू वाजतं. टुप... टुप... टुप.

वर ऊन तापतं. वारा गरम गरम वाहतो. जमिनीला भेगा पडतात. बिटकीला काही कळत नाही. आभाळ गडगडेल, माती पुन्हा भिजेल, तेव्हा ती उठेल. तोवर निवांत.

वरची माती आता वाळली आहे. बिळाचं दार लागलं आहे. तिथून कधी गेलात, तर पाऊल हळू टाका.

शू.

खाली बिटकी झोपली आहे.