मंजुघोषेचे पूर्ण वाक्य

एका राज्यात भर सकाळी नदी चोरीला गेली. मांत्रिकाने ती धोतरासारखी पिळली, तिची घडी घातली आणि लपवली. पाहिले फक्त सात वर्षांच्या राजकन्येने, मंजुघोषेने. ती धापा टाकत दरबारात आली. पण थोर बोलत असता मुलांनी बोलू नये, अशी तिथली रीत. राजगुरू वाचस्पतींनी तिला डोळ्यांनीच गप्प केले.

दारात मांत्रिक हसला. "या पोरांना वाक्ये हवीत कशाला?" त्याने चुटकी वाजवली. तत्क्षणी राज्यातल्या साऱ्या मुलांची वाक्ये तुटली. उरले सुटे शब्द, ओंजळीतून सांडलेल्या चिंचोक्यांसारखे.

"निळी! लपवली! नदी!" मंजुघोषा ओरडे आणि राजगुरूंकडे बोट दाखवी.

"थोरांकडे बोट दाखवू नये," म्हणत राजगुरू तिचा हात खाली करत, आणि कपाळावरचे थेंब टिपून राजाला सांगत, "डोंगरात लपवली, म्हणते आहे."

डोंगर खणला. मग म्हणे, तळघरात. तळघरही खणले. रांजण कोरडे पडले. गाईंना हंबरायचेही त्राण उरले नाही.

मुलांना शिकवणारी तरुण शाल्मली पेटून उठली. "महाराज, शब्द तिचे आणि वाक्य राजगुरूंचे! तिचे तिला जोडू द्या."

"पोरी, तुझे वय काय?" राजगुरूंनी विचारले.

"तहान लागण्याइतके."

बागेतल्या भारद्वाज पक्ष्याने मान वर केली. तिथे पक्षी बोलत, त्याचे कुणाला नवल नव्हते. "तीन कामे कर," तो म्हणाला. "नामाला क्रियापद मिळवून दे. त्या जोडीला विशेषण दे. तिसरे वेळ आल्यावर सांगेन."

शाल्मलीने मुले अंगणात जमवली. "प्रत्येकाने एक शब्द व्हायचे."

"घोडा!" एक मुलगी म्हणाली. काहीच झाले नाही.

"घोडा काय करतो?"

"धावतो!" दुसरीने तिचा हात धरला, आणि अंगणातून खराखुरा घोडा धावत गेला. शाल्मलीचा पदर उडाला.

"कसा घोडा?"

"पांढरा!" तिसरीने पुढे येऊन हात धरला. या वेळी दुधासारखा घोडा आला. मग मुले थांबेनात. 'लठ्ठ मांजर घोरते' आली. 'गुलाबी बेडूक शिंकतो' आला आणि शिंकत राहिला. मुले हसून लोळली. त्यांनी 'निळी नदी वाहते' केले, पण जमीन जराशी ओलावली नि सुकली.

"नदी अजून लपलेलीच आहे," भारद्वाज म्हणाला. "जिने पाहिले, तिनेच सांगायला हवे. आणि तिसरे काम मुलांचे नाही. क्रियापद येईपर्यंत थोरांनी थांबायचे."

दरबार भरला. मंजुघोषा उभी राहिली. "मांत्रिकाने..."

"डोंगरात..." राजगुरू पुटपुटले. तिचा शब्द फरशीवर पडून मडक्यासारखा फुटला.

"राजगुरू, तोंड मिटा," शाल्मली म्हणाली.

दरबार हबकला. राजाने मात्र स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवले. ते पाहून प्रधानाने, सेनापतीने, शेवटी राजगुरूंनीही ठेवले.

"मांत्रिकाने," मंजुघोषेने पुन्हा सुरुवात केली. मग ती अडखळली. राजाच्या घशाशी शब्द आले, त्याने ते गिळले. कुणी मदत केली नाही.

"मांत्रिकाने निळी नदी... राजगुरूंच्या पगडीत... लपवली."

शाप तुटला. पगडीचा पेच सुटला आणि नदी धो धो खाली आली. पायऱ्या उतरून, चौक ओलांडून ती आपल्या पात्रात गेली. वाटेत मांत्रिक भेटला. त्याला तिने उचलून सीमेपार फेकले.

राजगुरू कमरेइतक्या पाण्यात उभे होते. "मला वाटले, घाम येतो आहे."

"तुम्ही आंघोळ करून पाठमोरे अंग पुसत होतात, तेव्हा पगडी घाटावर होती!" मंजुघोषा एका दमात म्हणाली. "मी किती वेळा सांगत होते!"

त्या राज्यात नदी आता दुथडी वाहते. राजगुरू पगडी झटकूनच बांधतात, आणि बोलता बोलता एखादे मूल अडखळले, की सगळ्यांच्या आधी आपल्या ओठांवर बोट ठेवतात.